दशावतार लिहिणारा वलंदेज चित्रकार

नाणेघाटाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख सुरू होतो तो देवांना नमन करून. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, मग चार लोकपाल. पुढे यज्ञांची यादी येते आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला हा लेख. वासुदेवाचे नाव दगडावर कोरलेले आढळते अशा देशातल्या अगदी जुन्या, मोजक्या ठिकाणांत जुन्नर तालुक्यातला हा घाट मोडतो.

घाटमाथ्यावरून जुन्नरला यावे तर तिथल्या लेण्यांत आणखी नावे भेटतात. इरिल नावाच्या यवनाने शिवनेरीच्या लेण्यांत पाण्याची दोन टाकी खोदवली. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंना भोजनमंडप करून दिला. मानमोडीच्या डोंगरावर चंद नावाच्या यवनाने एका लेण्याचा दर्शनी भाग करवला. ही माणसे कुठून आली, इथे कोणता व्यापार करीत होती यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण त्यांची नावे मात्र पक्की. देणगी दोन टाक्यांची असली तरी देणाऱ्याचे नाव तिच्यासोबत कोरायचे, ही इथली रीत. त्या रीतीमुळेच आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो.

याच वासुदेवाच्या दहा अवतारांची कथा १६५८ साली, इथून हजारो मैलांवर, जावा बेटातल्या बटाव्हिया शहरात एका वहीत डच भाषेत उतरली. सोबत अवतारांची चित्रेही होती. वही सादर करणारा माणूस पेशाने चित्रकार, आणि चित्रकलेवर पुस्तक लिहिलेला लेखक. त्याचे नाव फिलिप्स आंगेल. पुढे वहीतला मजकूर छापील पुस्तकात गेला, युरोपभर वाचला गेला, आणि आंगेलचे नाव वाटेत गळून पडले. आंगेल जुन्नरला आलेला नाही, आंबेगावची घोड नदी त्याने पाहिली नाही. तरीही वासुदेवाचे नाव इतक्या लवकर ज्या मातीत कोरले गेले, तिथल्या वाचकाने त्याची हकीकत समजून घ्यावी असे मला फार वाटते. ती कागदपत्रांतून तुकड्यातुकड्यांनी जुळवावी लागते.

पहिला भक्कम तुकडा १८ ऑक्टोबर १६४१ चा. हा सेंट ल्यूकचा दिवस. हा संत चित्रकारांचा पाठीराखा मानला जाई. हॉलंडमधल्या लायडन शहरात त्या दिवशी जमलेल्या चित्रकारांपुढे आंगेलने भाषण केले. तो तेव्हा विशी नुकती ओलांडलेला असावा, कारण त्याचा जन्म १६१८ च्या आसपासचा धरतात. लायडनच्या चित्रकारांना त्या काळी स्वतःचा संघ नव्हता. बाहेरगावची चित्रे शहरात स्वस्तात विकली जात आणि स्थानिकांच्या पोटावर पाय येई. त्यांचा संघ १६४८ साली उभा राहिला. १६४१ मध्ये ती मागणी अजून धुमसत होती. आपला धंदा मानाचा आहे हे नगरपित्यांना आणि गिऱ्हाइकांना पटवणे भाग होते. म्हणून पुढच्याच वर्षी हे भाषण लायडनच्या विलेम क्रिस्तियान्स या मुद्रकाकडून छापून निघाले: ‘लोफ डेर शिल्डर-कोन्स्ट’, म्हणजे चित्रकलेची स्तुती. उणीपुरी साठ पानांची पुस्तिका.

त्या पुस्तिकेतला बराच भाग उसना आहे. चित्रकला किती प्राचीन, राजे-महाराजांनी तिला कसा मान दिला, ही माहिती आधीच्या ग्रंथांतून, मुख्यतः कारेल फान मान्डरच्या १६०४ च्या चित्रकारचरित्रांतून घेतलेली. तो भाग भराभर उलटला तरी चालतो. आंगेल खरा दिसतो तो जिथे कारागीर म्हणून बोलतो तिथे. चित्रकाराला मूर्तिकारापेक्षा जास्त का साधते, तर तो धूर दाखवू शकतो, पाऊस, वीज, इंद्रधनुष्य, पहाटेचे धुके, चिलखतावरची चमक, पाखराची पिसे दाखवू शकतो. रेशीम, मखमल, लोकर आणि सुती कापड यांतला फरक नजरेला कळला पाहिजे, नाहीतर चित्र फसले. आणि एक निरीक्षण तर असे आहे की ते वाचताना हा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून तासन् तास बघत असणार याची खात्री पटते. गाडीचे चाक किंवा सूत कातायचे चाक जोरात फिरत असले की त्याचे आरे वेगवेगळे दिसत नाहीत, नुसती अस्पष्ट झाक दिसते. पुष्कळ चित्रकार धावत्या गाडीच्या चाकाचे आरे एकेक मोजून रंगवतात, म्हणून ती गाडी जागची हलत नाही. कॅमेरा यायच्या दोनशे वर्षे आधी हे कुणी इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवावे, ही मोठी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट वाचनाची. चित्रकाराने पुराणकथा किंवा इतिहास चितारायला घेतला तर आधी मूळ कथा नीट वाचावी, तिच्या काळातले रीतिरिवाज समजून घ्यावे, असा त्याचा आग्रह आहे. उदाहरण त्याने रेम्ब्रांटचे दिले. बायबलमधला सॅमसन आपल्या लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांना कोडे घालतो, हा प्रसंग रेम्ब्रांटने १६३८ मध्ये रंगवला होता. ते चित्र आज जर्मनीतल्या ड्रेस्डेनला आहे. आंगेल म्हणतो, त्या काळचे लोक आपल्यासारखे खुर्च्यांवर बसून जेवत नसत, आसनांवर रेलून जेवत. रेम्ब्रांटने ते ध्यानात घेऊन पाहुणे रेललेले दाखवले. सॅमसन एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे धरून बोलतो आहे, कोडे घालणाऱ्या माणसाचे हात जसे चालतात तसे. रेम्ब्रांट भाषणाच्या वेळी पस्तीस वर्षांचा, जिवंत, कामात बुडालेला कलावंत होता. त्याच्या एका चित्राविषयी समकालीन चित्रकाराने इतके जवळून लिहिलेले फार थोडे उतारे उरले आहेत, आणि हा त्यांतला एक. कलेच्या इतिहासकारांना आंगेल ठाऊक आहे तो प्रामुख्याने यामुळे. खेरित डाउ या लायडनच्याच चित्रकाराला स्वीडनचा वकील स्पीरिंग नव्या चित्रांवर पहिला हक्क मिळावा म्हणून वर्षाला पाचशे गिल्डर देत असे, ही बातमीही आपल्याला याच पुस्तिकेतून कळते.

आणि या लेखकाची स्वतःची चित्रे? १६३७ सालचे एक छापचित्र, धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले, त्याच्या नावाचे म्हणून ओळखले जाते. रंगचित्रांच्या बाबतीत शोधकाची वाट चुकते, कारण त्याच काळात मिडलबर्गचा दुसरा एक फिलिप्स आंगेल भांडीकुंडी, फळे, मारलेली पाखरे अशी स्थिरचित्रे काढत होता. दोघांची नावे एक, पिढी एक, धंदा एक. जुन्या चरित्रकोशांत दोघांची सरमिसळ झाली. एकाच्या नावावर दुसऱ्याचे जन्मस्थळ, दुसऱ्याच्या नावावर पहिल्याचा प्रवास. आपल्याकडे एकाच नावाच्या दोन देशपांड्यांच्या वतनाचे कागद वेगळे करताना जी काळजी घ्यावी लागते तीच इथेही घ्यावी लागली. ज्याने पुस्तक लिहिले तो लायडनचा, आणि पूर्वेकडे गेला तोही हाच.

१६४५ मध्ये तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजे आपल्या बखरीतल्या वलंदेजांच्या, चाकरीत शिरला आणि बटाव्हियाला पोहोचला. चित्रे विकून भागत नव्हते असा अंदाज करायला जागा आहे. हॉलंडमध्ये त्या दशकात चित्रांचे उदंड पीक आले होते. डच चित्रकाराने नशीब काढायला पूर्वेकडे यावे ही नवलाई नव्हती. त्याच्या एक पिढी आधी हार्लेमचा कोर्नेलिस क्लासझोन हेडा प्रागच्या सम्राटाच्या दरबारातून निघून शेवटी विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडे येऊन राहिला होता, आणि त्याची पत्रे कंपनीच्या दप्तरात राहिली. हेडा विजापुरात होता त्याच सुमारास मलिक अंबरने जुन्नर ही निजामशाहीची राजधानी केली होती. दख्खन आणि हॉलंड यांच्यामधले अंतर आपण समजतो त्यापेक्षा तेव्हा कमी होते.

आंगेलच्या आयुष्यातला सर्वांत झळाळीचा काळ इराणातला. १६५१-५२ मध्ये योआन कुनेयसच्या नेतृत्वाखाली कंपनीने शाह अब्बास दुसरा याच्या दरबारी वकिलात पाठवली. तिचा रोजनिशीवजा वृत्तांत कोर्नेलिस स्पेलमनने लिहिला. हाच स्पेलमन पुढे कंपनीचा गव्हर्नर-जनरल झाला. वकिलातीसोबत आंगेल इस्फाहानला गेला आणि काही काळ शाहाचा चित्रकार म्हणून तिथे राहिला. शाह स्वतः चित्रे काढत असे. त्याला डच चित्रकारांनी रेखाटन शिकवले, असे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएनेही लिहून ठेवले आहे. लायडनच्या बाजारात ज्याला आपल्या कलेचा मान मागावा लागत होता त्याला इथे राजा शिष्य म्हणून लाभला. पण १६५५ च्या सुमारास त्याच्यावर खासगी व्यापाराचा ठपका आला. कंपनीच्या नोकराने स्वतःच्या नावे माल घेणे-विकणे मना होते, आणि बहुतेक सगळे करीत. आंगेलला बटाव्हियाला परत बोलावले गेले.

इकडे जुन्नर तेव्हा मोगलांकडे होते. निजामशाही बुडाल्यावर १६३६ च्या तहाने शिवनेरीसह हा मुलूख त्यांच्याकडे गेला. एप्रिल १६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी रात्री तटाला दोराच्या शिड्या लावून जुन्नरची मोगली पेठ लुटली. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागल्याची नोंद आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, उतरती कळा लागलेल्या आंगेलने बटाव्हियात कंपनीचा डायरेक्टर-जनरल कारेल हार्टसिंक याला ती दशावताराची वही सादर केली. गेलेली मर्जी परत मिळवण्याचा हा प्रयत्न असावा, असे माझे मत. वरिष्ठाला काहीतरी दुर्मीळ भेट द्यायची, आणि चित्रकाराजवळ देण्यासारखे होते ते हेच.

या वहीचे महत्त्व कळायला तेव्हाची युरोपातली स्थिती बघावी लागते. हिंदू देवदेवतांविषयी युरोपात जे छापले जात होते त्यात सैतान, राक्षस आणि अक्राळविक्राळ मूर्तींची वर्णने भरलेली. अवतारांची सलग कथा, तिच्यातली माणसे, तिच्यातला क्रम कुणी सांगत नव्हते. १६५१ मध्ये लायडनला अब्राहम रोजेरियसचे पुस्तक निघाले. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पुलिकत इथे हा डच पाद्री राहिला होता. त्याने ब्राह्मणांचे आचारविचार बऱ्याच समजुतीने नोंदले, आणि ज्याच्याकडून ऐकले त्या पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाचे नाव स्पष्ट दिले. आंगेलची वही त्यानंतर सात वर्षांनी आली आणि तिने वैष्णव कथाच पूर्ण हाती घेतल्या. मत्स्यापासून कल्कीपर्यंत.

मत्स्यावताराच्या चित्रापाशी थोडे थांबू. या वहीशी जोडलेल्या डच चित्रपरंपरेत माशाच्या जबड्यातून कमरेपर्यंत बाहेर आलेला चतुर्भुज विष्णू आहे, आणि वेद चोरणारा असुर शंखाशी जोडलेला आहे. भागवतात वेद चोरणाऱ्या असुराचे नाव हयग्रीव. शंखात दडणारा शंखासुर इतर पुराणांतून आणि त्याहूनही लोकांच्या तोंडी असलेल्या कथांतून येतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचा दशावतारी खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना शंखासुर वेगळा सांगायला नको. काळा पोशाख करून तो रंगमंचावर येतो, मालवणीत प्रेक्षकांना हसवतो आणि शेवटी वेदांच्या चोरीपायी विष्णूच्या हातून मरतो. त्या वेंगुर्ल्यातच १६३७ पासून वलंदेजांची वखार होती. यावरून वही कोकणातली म्हणावी असे मी सुचवत नाही, तेवढ्याने ते सिद्ध होत नाही. शंखासुर गुजरातेतही आहे, उत्तरेतही आहे. पण एक गोष्ट निश्चित दिसते. आंगेलपर्यंत पोहोचलेली कथा संस्कृत पोथी उघडून शब्दाला शब्द लावून घेतलेली नाही. ती कुणीतरी सांगितलेली कथा आहे. कीर्तनात, खेळात, घरातल्या म्हाताऱ्यांकडून जशी ऐकतात तशी.

पुढे वहीचे काय झाले? फिलिपस बाल्डेयस हा डच पाद्री सिलोनमध्ये, मुख्यतः जाफन्याला, बरीच वर्षे राहून मायदेशी परतला. १६७२ मध्ये अॅमस्टरडॅमला त्याचा मलबार, कोरोमंडल आणि सिलोनवरचा जाडजूड सचित्र ग्रंथ निघाला. त्याचा शेवटचा भाग हिंदूंच्या ‘मूर्तिपूजे’वर. त्याच वर्षी तो जर्मनमध्ये आला, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत. दशावताराची चित्रे असलेला हा ग्रंथ पिढ्यान् पिढ्या युरोपात वाचला गेला. अवतारांचा मजकूर मोठ्या प्रमाणावर आंगेलच्या वहीतून आलेला. मलबारच्या कथांचा काही भाग याकोमो फेनिचिओ या जेझुइटाच्या हस्तलिखितातून. त्या दोघांचेही श्रेय बाल्डेयसने दिले नाही. ओल्फर्ट डाप्पर या डच लेखकानेही त्याच वर्षी आपल्या ‘आशिया’त हाच माल वापरला.

छापील पुस्तकांतली चित्रे पाहिली की आंगेलचा वाचनाचा नियम आठवतो. अॅमस्टरडॅमच्या कोरक्याने आपल्या सवयीचे पीळदार दंड, सवयीचे ढग आणि डोंगर देवांना दिले. हात चार आहेत, आयुधे आहेत, पण वराहाच्या दातांवर पृथ्वी कशी तोलली जाते, नरसिंह उंबऱ्यावरच का बसतो, हे त्या कोरक्याला कुणी सांगितले नव्हते. लायडनच्या भाषणात आंगेलने सॅमसनच्या पंगतीविषयी जी काळजी मागितली होती, ती त्याने स्वतः आणलेल्या कथांच्या वाट्याला आली नाही.

चोरी उघडकीस यायला अडीचशे वर्षे गेली. १९१७ मध्ये द योंग या डच अभ्यासकाने बाल्डेयसचा ‘मूर्तिपूजे’चा भाग टिपांसह पुन्हा प्रसिद्ध केला. १९२० च्या दशकात स्वीडनच्या यार्ल शार्पांतिये यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या, स्लोनच्या संग्रहातल्या एका निनावी हस्तलिखिताकडे बोट दाखवून म्हटले की बाल्डेयस आणि डाप्पर या दोघांचा उगम इथे आहे. १९३३ मध्ये त्यांनी फेनिचिओचा ग्रंथही संपादून छापला. आणि बेल्जियममधल्या पोस्टेलच्या मठात आंगेलच्या नावाची, हार्टसिंकला अर्पण केलेली प्रत होती. ती या छापील मजकुरांच्या आणि स्लोनच्या हस्तलिखिताच्या शेजारी ठेवली की साखळी पुरी होते. १९९६ मध्ये ‘लोफ’चा इंग्रजी अनुवाद विस्तृत टिपांसह निघाला. अशा रीतीने लायडनचा वक्ता, इस्फाहानचा दरबारी चित्रकार आणि दशावताराचा लेखक हे तिघे पुन्हा एका माणसात जमा झाले. कंपनीच्या कागदांत आंगेलचा माग १६६४ पर्यंत लागतो. तो पूर्वेतच संपला, हॉलंडला परतला नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १६७५ मध्ये, इंग्रज वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून कल्याण-मुरबाडमार्गे घाट चढून जुन्नरला आला. मोगल सुभेदाराने त्याला जनानखान्यातल्या स्त्रियांच्या उपचारासाठी बोलावले होते. परतताना तो नाणेघाटाने उतरला. जुन्नरच्या किल्ल्याचे, बाजाराचे, हवेचे वर्णन त्याने बारकाईने केले आहे. वाचनीय आहे, आणि त्या काळच्या जुन्नरसाठी अमोल आहे. पण पाहणारा आणि ऐकणारा यांत फरक असतो. फ्रायरने पाहिले. आंगेलच्या वहीत ऐकलेले आहे.

मग ते सांगितले कुणी? आंगेलला त्याचे नाव उशिरा का होईना परत मिळाले, कारण एका मठात एक प्रत टिकली आणि तिच्यावर सही होती. पद्मनाभाचे नाव टिकले, कारण रोजेरियसने ते लिहिण्याइतका प्रामाणिकपणा दाखवला. दशावताराची कथा ज्याच्या तोंडून निघाली त्या माणसाचे नाव या सगळ्या साखळीत कुठेच नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान ते आहे. तो भटजी होता, गोसावी होता, की सुरतेच्या वखारीत कापूस तोलणारा एखादा वैष्णव वाणी, याचे उत्तर कंपनीच्या हिशेबवह्यांत मिळण्याची आशा थोडी. ते कथेच्या आतच शोधावे लागेल.

त्यासाठी आपल्याकडची सामग्री कमी नाही. कृष्णाची कथा या डच मजकुरात सर्वांत लांबली आहे; नारायणगावच्या फडांवर पिढ्यान् पिढ्या चाललेल्या गवळणीत, कीर्तनातल्या आख्यानांत आणि गुजराती-व्रजातल्या कृष्णलीलांत प्रसंगांचे क्रम आणि दुय्यम पात्रांची नावे वेगवेगळी असतात. महाराष्ट्रात नववा अवतार म्हणून पुष्कळदा विठ्ठल काढतात, उत्तरेत बुद्ध. अशा एकेका खुणेवरून सांगणाऱ्याचा मुलूख जवळ आणता येतो. द योंगने छापलेला मजकूर ग्रंथालयांत आहे. डच येणाऱ्या कुणी मराठी अभ्यासकाने तो शेजारी घेऊन ओळीओळीने ताडून पाहावा. शंखासुरापासून सुरुवात करावी.